कोणते वानखडे?

परवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि एका पोराचं भाषण. पोरगा कसला, नातवंडं असलेला माणूस तो. म्हणाला, "सरांनी आम्हाला समता शिकवली. आणि तीही त्या काळात!" टाळ्या पडल्या. मी मान डोलावली. मान डोलवायची सवय मला जुनीच आहे. पण तोंडात एकदम लिंबाची चव आली, साखर-तिखटात मुरलेल्या फोडीची, आणि उरलेला समारंभ काही माझ्या कानात शिरला नाही.

त्या काळात मी समता शिकवत होतो हे खरं आहे. त्याच काळात मी दौलत वानखडेला तोंडघशी पाडलं हेही तितकंच खरं आहे. पहिली गोष्ट सांगायला शाल घेऊन लोक येतात. दुसरी कोण सांगणार? म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकावी. आता वयही असं आहे की लाज वाटली तरी ती फार दिवस वाटून घ्यावी लागणार नाही.

दौलत भेटला की रामराम नाही, नमस्कार नाही, आधी तुमचा हात बघायचा. उजव्या हाताची बोटं उलटी करून तुमच्या तळव्याला हलकेच टेकवायची आणि निकाल द्यायचा. "कोरडा हाये." किंवा मग, "ओला हाये, पुसा." पहिल्यांदा माझ्या हाताला त्यानं असा हात लावला तेव्हा मला वाटलं, हा ज्योतिषी की काय! पण नाही, तो लोणचेवाला होता. ओल हा त्याचा जन्माचा वैरी. बरण्या उन्हात तापवायच्या, फडकी उकळून वाळवायची, लिंबं एकेक करून पुसायची, आणि कामावरच्या बायांचे तळवे सकाळी एकदा, दुपारी एकदा तपासायचे. "पान्याचा एक थेंब गेला न बरनीत, का सहा महिन्याची मेहनत गेली, बाप्पा," असं तो म्हणे, आणि म्हणताना इतका गंभीर होई की जणू घरात कोणी आजारी आहे.

काळा, उंच, काटक माणूस. पांढरा सदरा, पांढरं धोतर, नखं मुळापर्यंत कापलेली. हसला की आधी डोळे हसत, तोंड मागाहून. मी तोंडावर त्याला दौलतराव म्हणत असे आणि मनात नुसता दौलत. आत्ताही बघा, 'तो' म्हणूनच लिहितो आहे. जीभ लवकर सुधारली माझी. बाकीचं राहून गेलं.

मी तेव्हा बडनेऱ्याला भाड्याच्या घरात राहत होतो. आई, धाकटी बहीण कुसुम आणि मी. रोज गाडीनं अमरावतीला शाळेत यायचं, संध्याकाळी परत. दौलत बडनेरा स्टेशनवरच्या उपाहारगृहात भांडी घासायला होता. तिथंच त्यानं लोणच्याच्या मोठ्या बरण्या धुता धुता विद्या शिकून घेतली. कोणती बरणी बिघडली, का बिघडली, कोणाचा चमचा आत गेला होता, हे तो वासावरून सांगे. छप्पनच्या दसऱ्याला तो बायकोला घेऊन नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. मला स्टेशनबाहेर भेटला तर म्हणाला, "मास्तर, आता कोनाचं उष्टं धूत नाई. आता लोक माह्या हातचं खातीन."

वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत त्यानं कारखाना काढला. कारखाना म्हणजे तो, बायको अनसूया आणि शेजारच्या चार बाया. लिंबं अकोल्याकडून पोत्यांनी येत. आणि बनवायचं एकच, उपवासाचं लिंबाचं लोणचं. हळद नाही, मोहरी नाही, हिंग नाही. लेबलावरचा मजकूर लिहून घ्यायला तो माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलं, "अहो, साधं आंब्याचं करा, जास्त खपेल. उपवासाचंच कशाला?"

"मास्तर, रोजच्या जेवनात मानूस काईबी खाते. उपासाच्या दिवशी पाहून पाहून खाते. त्या दिवशी त्यानं माह्या हातचं खाल्लं, तर ते खरं खानं."

"मग डाळीचा धंदा बरा नाही का? त्यात काही भानगड नाही."

"डाय काय! डाय लोक धुतात, शिजवतात. मले धुऊन घेतलेलं नाई पायजे. थेट तोंडात जानारं पायजे."

एवढंच त्याला हवं होतं. पैसा नको असं नाही, पण खरी भूक ही होती. मी लिहून दिलं, 'वानखडे यांचे उपवासाचे लिंबू लोणचे, बडनेरा.' छान वळणदार अक्षर आहे माझं.

आता आमच्या वऱ्हाडातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळायची नाही. इथं वानखडे पाटलांत आहेत आणि वानखडे पूर्वीच्या महारवाड्यातही आहेत. त्यामुळे नुसतं आडनाव ऐकून कोणाचं समाधान होत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "कोणते वानखडे?" गाडीत विचारतात, लग्नात विचारतात, दवाखान्यातही विचारतात. अगदी गोड आवाजात. उत्तर मिळालं की मग बसायला सरकून जागा द्यायची की पाय पसरायचे ते ठरतं.

दौलतच्या लोणच्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारला नाही. अमरावतीच्या राजापेठेत शामलालजींचं किराण्याचं दुकान होतं, तिथं बरण्या राहत. गिऱ्हाइकानं लेबल वाचून भुवई उचलली की शामलालजी आपणहून सांगत, "अजी, बडनेऱ्याचे पाटील हायेत. खानदानी आदमी." त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? की ठाऊक होतं आणि माल खपत होता? देव जाणे. दौलतच्या कानावर हे आलं तेव्हा तो गप्प राहिला. मला म्हणाला, "मी खोटं बोललो काय, मास्तर? मले कोनी इचारलंच नाई."

आणि खपत होतं म्हणजे काय विचारता! चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. वकिलांची घरं, भिक्षुकांची घरं, आमच्या हेडमास्तरांचं घर. माझी आई तर त्या बरणीवर जीव टाकायची. साबुदाण्याच्या खिचडीशेजारी एक फोड घेतली की डोळे मिटायची आणि म्हणायची, "अरे, कुण्या घरंदाज बाईचं काम आहे हे. हाताला सोवळं आहे हो तिच्या!" मला खरं माहीत होतं. मी हसून खिचडी खात असे. ती गंमत मला फार आवडायची, आपण किती पुढारलेले असं वाटायचं.

धंद्यात तो भलता हट्टी होता. एकदा श्रावणाच्या तोंडावर शामलालजी स्वतः बडनेऱ्याला आले. माल संपला होता, लोक मागत होते, आणि मधे आठ दिवस आभाळ होतं. "ऊन कमी लागलं तर काय होते वानखडेजी? दे दो, आजच्या आज संपते," असं ते परोपरीनं सांगत होते. दौलतनं बरण्यांच्या रांगेपुढे हात आडवा धरला. "ऊन उधार भेटत नाई, शेठजी. जेवढं पायजे तेवढं घेऊनच लिंबू मुरते." शामलालजी चिडून गेले. पुढच्या आठवड्यात ऊन पडल्यावर मुकाट्यानं परत आले.

दुसरी गोष्ट वकिलाच्या घरची. अमरावतीतल्या एका मोठ्या वकिलाकडची बरणी बुरशी आली म्हणून परत आली. दौलत ती काखेत मारून थेट त्यांच्या घरी गेला. वकीलीणबाई बाहेर आल्या. यानं विचारलं, "बाई, चमचा दाखवता का?" चमचा आला. यानं उलट्या बोटानं पाहिला. "ओला हाये, बाई. लोनचं चांगलं होतं, तुमचा चमचा खराब निंघाला." वकीलीणबाई आधी रागावल्या, मग हसल्या. एवढा पारखी माणूस म्हणून त्याला आत बोलावलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाटावर बसवलं, चांदीच्या फुलपात्रात पाणी दिलं.

हे तो मला सांगत होता तेव्हा आधी खूप हसला. चमच्याची नक्कल केली, बाईंची नक्कल केली. मग एकदम थांबला.

"पानी गियताच येईना, मास्तर. मले वाटे, हे पानी मले नाई देलं. कोन्या पाटलाले देलं."

अनसूया लिंबं चिरत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "मंग काय तर! पाटलाच्या नावानं खपते आपलं लोनचं. मी काय दुसऱ्याच्या नावानं कुकू लावू का?"

सुरी तेवढी चालत होती. पण त्या दिवसापासून दौलतचं मन उठलं. चार-पाच दिवसांनी तो माझ्या घरी आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, छापू काय? पुरं नाव?"

इथं माझी जबाबदारी सुरू होते, तर नीट सांगतो. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचा. पेपर वाचणारा, शाळेत पंधरा ऑगस्टला बंधुभावावर भाषण ठोकणारा. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "छापा, दौलतराव! बिनधास्त छापा. काळ बदलला आहे. दुकानात चार लोकांसमोर पहिली बरणी उघडा, पहिली फोड मी खाईन. मी, ब्राह्मण मास्तर. मी खाल्ली म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद आहे?"

मग त्यानं स्वतःच स्वतःला पटवल्यासारखं म्हटलं, "तीन सालं झाले लोक खाऊन राह्यले. जिभेले तर मालूम हाये न." हीच त्याची चूक. लिंबाची नस न नस ओळखणारा माणूस, पण त्याला वाटलं जिभेचं मत घरात चालतं.

नवं लेबल मीच लिहिलं. 'दौलत सखाराम वानखडे, बौद्ध, बडनेरा.' मी विचारलं होतं, नाव पुरं झालं, तो शेवटचा शब्द हवाच का? तो म्हणाला, "नाई छापला तर लोक पुन्हा इचारतीन, कोनते वानखडे? आता बरनीच सांगन."

श्रावणातला सोमवार ठरला. सकाळी शामलालजींच्या दुकानात उपवासाचं सामान घ्यायला ही गर्दी. शेंगदाणे, साबुदाणा, राजगिरा. शामलालजींनी लेबल वाचलं होतं आणि ते गल्ल्यामागे नुसते घाम पुसत होते. दौलत नवा सदरा घालून उभा, पुढ्यात बरण्यांची रांग. अनसूया पायरीखाली. मी गाडीतून उतरून तडक तिथं गेलो. रस्ताभर मी काय बोलायचं ते पाठ करत होतो.

दुकानात शिरलो आणि पाहिलं तर आमचे हेडमास्तर. आणि त्यांच्याशी बोलत उभे असलेले मुलाकडचे मामा. कुसुमला त्याच महिन्यात एक स्थळ सांगून आलं होतं, त्या मुलाचे हे मामा. पत्रिका त्यांच्याकडे गेलेली होती.

हेडमास्तरांनी चष्मा लावून बरणी उचलली आणि शाळेत हजेरी घ्यावी तसं मोठ्यानं वाचलं, "दौलत सखाराम वानखडे. बौद्ध." शेवटच्या शब्दावर आवाज खाली आला. राजगिऱ्याचा पुडा बांधून घेणाऱ्या एका बाईनं पुडा तसाच ठेवून पदर सावरला. दौलत शांतपणे म्हणाला, "होय जी. म्याच बनवतो. तीन सालापासून म्याच बनवून राह्यलो. आता मास्तर खातीन आधी."

त्यानं बरणीचं फडकं सोडलं. माझा हात घेतला, उलटी बोटं तळव्याला लावली. "कोरडा हाये," म्हणाला, आणि डोळे हसले त्याचे. चमच्यावर एक मोठी फोड घेतली, पाक गळू नये म्हणून खाली हात धरला आणि चमचा माझ्यापुढे केला.

मामा माझ्याकडे बघत होते. हेडमास्तर बघत होते. मी म्हटलं, "अहो, दात आंबलेत माझे. कालपासून. काही आंबट खाववत नाही."

त्याला आधी कळलंच नाही. खरंच काळजीनं तो म्हणाला, "दात? मंग रस चाटून पाहा. रसानं काई होत नाई."

"नको नको," मी म्हटलं. "डॉक्टरांनीच नको सांगितलं आहे."

कोणत्या डॉक्टरांनी हो? बडनेऱ्यात दाताचा डॉक्टर तरी होता का तेव्हा! दौलत माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, मग मामांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. चमच्यातली फोड बरणीत परत टाकायची नाही हा त्याचाच नियम. त्यानं ती स्वतः खाल्ली. सावकाश, सालीसकट. मग बरणीला फडकं बांधलं. पायरीखालून अनसूया म्हणाली, "चाला आता," आणि ती पुढं निघून गेली. मला गाडी गाठायची नव्हती, शाळा तिथंच होती, तरी मी धावत सुटलो.

चार दिवसांत बरण्या परत यायला लागल्या. भरलेल्या आल्या, अर्ध्या खाल्लेल्या आल्या. एका घरून तर रिकामी, राखेनं घासलेली बरणी आली. आतलं सगळं पोटात गेलं होतं, विटाळली होती ती बरणी! हेडमास्तर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "मला आधीपासून कसलासा वास यायचाच." तीन वर्षं चाटून पुसून खाल्लं होतं त्यांनी. मी काय म्हटलं? मी मान डोलावली.

आईला कोणी तरी सांगितलंच. ती दोन घोट पाणी प्याली. मग म्हणाली, "मेल्या जिभेला काय कळतं! टाकते हो, टाकते." टाकायला मात्र तिनं चार दिवस लावले. पाचव्या दिवशी कढीलिंबाच्या झाडाखाली बरणी उपडी केली आणि त्या दिवशी नीट जेवली नाही. आणि कुसुमचं ते स्थळ? पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं त्यांनी. तेवढ्याकरता केलं होतं सगळं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण कुसुम नसती तरी माझे दात आंबलेच असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दौलत मला कधी टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या तर मी आजवर सुटलो असतो. परत आलेलं लोणचं त्यानं वस्तीत वाटलं, वर्षभर लोक भाकरीशी खात होते. अनसूया रस्त्यात भेटली तर पदर सावरून बाजूनं जाई. वर्ष-दीड वर्षानं कळलं, त्यांनी बडनेरा सोडलं.

तो अकोल्याला गेला. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यानं डाळीची गिरणी घातली आणि तिथं मात्र तो भराभर वर आला. पोत्यांवर मोठ्या अक्षरांत नाव, 'वानखडे'. कोणते, ते कोणी विचारलं नाही. डाळ धुतात, शिजवतात. माझ्या घरीही यायची. आई ती तीन पाण्यांनी धुवायची. ती सगळ्याच डाळी तीन पाण्यांनी धुवायची म्हणा.

एकदा पेपर तपासायला अकोल्याला गेलो होतो. दुपारी मोर्णेच्या पुलापर्यंत चालत गेलो. पलीकडे गिरणीचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. अर्धा तास उभा राहिलो आणि परत फिरलो. काय बोलणार होतो जाऊन?

आणि मग बडनेरा स्टेशनवर तो भेटला. त्या सोमवाराला नऊ-दहा वर्षं होऊन गेली असतील. भर दुपार होती, फलाटावर गर्दी. तो बाकावर एकटाच बसला होता. केस पांढरे झालेले, सदरा तसाच पांढरा, शेजारी पितळी डबा. मी टाळून जाणार होतो, पण त्यानंच हाक मारली. "मास्तर! या न, बसा."

बसलो. त्यानं आईची चौकशी केली. ती गेल्याचं सांगितलं तर हळहळला. कुसुमचं विचारलं. अनसूयाची तब्येत बरी नसते म्हणाला, मुलगा नागपूरला इंजिनिअर होतो आहे म्हणाला. मी म्हटलं, "गिरणी जोरात आहे म्हणे." तो म्हणाला, "हाये बाप्पा. डाय खपते. डायीले कोनी काई इचारत नाई."

मग त्यानं डबा उघडला. भाकरी, पिठलं आणि कोपऱ्यातल्या छोट्या वाटीत लिंबाचं लोणचं. तोच तांबूस पाक, तोच वास. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांतही आलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "दौलतराव, मला एक फोड द्या."

मग त्यानं उजवा हात पुढे केला, बोटं उलटी करून माझ्या तळव्याला लावली. "कोरडा हाये," म्हणाला. जुन्यासारखंच म्हणाला. डोळे हसले. त्यानं चमच्यावर फोड घेतली, खाली हात धरला आणि चमचा माझ्याकडे आणला.

आणि माझी मान वळली. मी वळवली नाही हो, आपोआप वळली. डावीकडे, मग उजवीकडे. फलाटावर ओळखीचं कोणी आहे का, एवढंच. कोणी नव्हतं.

मी पुन्हा समोर पाहिलं तेव्हा चमचा जागच्या जागी थांबला होता. दौलत माझ्या मानेकडे बघत होता.

"राहू द्या, मास्तर," तो म्हणाला. "दात आंबतीन."

फोड त्यानं स्वतःच्या तोंडात टाकली. डबा बंद केला, त्यावर फडकं बांधून गाठ मारली. अकोल्याकडची गाडी आली, तसा तो उठला आणि गर्दीतून वाट काढत आत चढला. मी बाकावर बसून होतो आणि माझा हात अजून पुढेच होता.